पकडलेल्या आउटपुटवर किती विसंबायचे?

स्क्रिप्ट स्वतः फार थोडे काम करते. तारीख हवी असेल तर ती 'डेट'ला विचारते, वेबवरचे पान हवे असेल तर 'कर्ल'ला पाठवते, स्कॅन केलेल्या कागदातला मजकूर हवा असेल तर 'टेसरॅक्ट'ला बसवते. त्या प्रोग्रामने जे छापले ते पडद्यावर जाऊ न देता व्हेरिएबलमध्ये धरायचे आणि पुढच्या ओळीत वापरायचे, ही सोय जवळजवळ प्रत्येक भाषेत एका ओळीत मिळते. म्हणूनच शिकवताना हा विषय दोन मिनिटांत उरकला जातो: अमुक कंस लावा, आउटपुट हातात आले, पुढे चला. या आढाव्यात मांडायचे आहे ते याच्या उलट. बाहेरचा प्रोग्राम परत देतो त्या गोष्टी चार असतात. त्याने छापलेला मजकूर, त्याने वेगळ्या वाटेने केलेली तक्रार, काम झाले की नाही हे सांगणारा एक्झिट कोड, आणि चौथी गोष्ट जी कुठेच लिहिलेली नसते: तो मजकूर कोणत्या एन्कोडिंगमध्ये आणि कोणत्या साच्यात आहे. बहुतेक स्क्रिप्ट पहिली गोष्ट घेतात आणि उरलेल्या तीन सोडून देतात. इंग्रजी मजकुरावर हे बरेच दिवस खपून जाते. मराठी मजकूर आला की त्याच दिवशी उघडे पडते.

ही सोय घडत कशी गेली हे पाहिले तर याच म्हणण्याला पुष्टी मिळते. बेल लॅब्सच्या डग मॅकिलरॉय यांनी प्रोग्राम एकमेकांना नळीसारखे जोडता यावेत अशी टिपणी लिहिली ती ऑक्टोबर १९६४ मध्ये. (त्याच वर्षी निफाड तालुक्यातल्या ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा मिग विमानांचा कारखाना उभा राहिला आणि गावाच्या नावाला 'मिग' चिकटले. या नावाकडे पुढे यायचे आहे.) प्रत्यक्ष पाइप युनिक्समध्ये आला १९७३ मध्ये, केन थॉम्प्सन यांच्या हातून. १९७९ च्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बोर्न यांचे शेल आले आणि उलट्या अवतरणचिन्हांत कमांड लिहिली की तिचे आउटपुट त्या जागी येऊन बसू लागले. एकात एक अशा दोन कमांड लिहायच्या झाल्या की या चिन्हांचा गुंता होई. तो डेव्हिड कॉर्न यांच्या शेलने डॉलर आणि कंसाची, म्हणजे $(…) ही पद्धत आणून सोडवला. इथपर्यंतची प्रगती केवळ लिहिण्याच्या सोयीची होती. प्रोग्राम खरोखर यशस्वी झाला का, हा प्रश्न बाजूलाच राहिला. तो पुढच्या भाषांनी हळूहळू केंद्रस्थानी आणला. पायथनमध्ये २००४ साली, २.४ या आवृत्तीत, 'सबप्रोसेस' हे मॉड्यूल आले, २.७ मध्ये 'चेक आउटपुट' आले, जे प्रोग्राम फसला तर मजकूर देण्याऐवजी थेट अपवाद फेकते. आणि २०१५ च्या ३.५ मध्ये 'रन' आले, जे मजकूर, तक्रार आणि एक्झिट कोड एकाच वस्तूत बांधून हातात देते. चाळीसएक वर्षांत हत्याराचा आकार कोणत्या दिशेने बदलला ते पाहावे: उत्तरार्धात दर वेळी सोडून दिलेल्या तीन गोष्टींपैकी एखादी आत घेतली गेली.

सगळ्यात घातक आउटपुट म्हणजे रिकामे आउटपुट. चुकीचा मजकूर निदान डोळ्यांना खटकतो. रिकामा मजकूर काहीच बोलत नाही, आणि स्क्रिप्ट त्याचा आपल्या सोयीने अर्थ लावते. याचे जगजाहीर उदाहरण जानेवारी २०१५ मधले आहे. लिनक्सवरच्या 'स्टीम' या गेमच्या प्रोग्रामसोबत येणारी एक स्क्रिप्ट आपला स्वतःचा फोल्डर कुठे आहे ते एका कमांडचे आउटपुट पकडून ठरवत असे आणि पुढे त्या फोल्डरच्या आतले सगळे पुसत असे. फोल्डर हलवलेला असेल तर ती कमांड फसे, व्हेरिएबल रिकामे राही, आणि 'या फोल्डरमधले सगळे पुसा' याचे 'मुळापासून सगळे पुसा' होई. लोकांच्या फायली अशा गेल्या. लिहिणाऱ्याला धोका कळला नव्हता असेही नाही, कारण त्या ओळीजवळच 'भीतिदायक' अशा अर्थाची टीप होती. टीप होती, तपासणी नव्हती.

आता हेच निफाड तालुक्यात आणून पाहू. हिवाळ्यात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातल्या पाऱ्याची बातमी होते, कारण इथे तापमान खरोखरच दोन-चार अंशांवर येते आणि द्राक्षबागायतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबक चालू ठेवतात. समजा एखाद्याने तापमान आणणाऱ्या प्रोग्रामचे आउटपुट पूर्ण अंशांत पकडून, चारच्या खाली गेले की मोबाइलवर इशारा देणारी छोटी बॅश स्क्रिप्ट लिहिली. एका रात्री नेट गेले, आउटपुट रिकामे आले. तुलना दुहेरी चौकटी कंसात लिहिली असेल तर बॅश रिकाम्या जागेला शून्य मानते आणि 'पारा शून्यावर' असा इशारा जातो. तीच तुलना एकेरी चौकटी कंसात लिहिली असेल तर 'इथे संख्या हवी होती' अशी तक्रार एरर वाहिनीवर उमटते, अट खोटी ठरते, आणि इशारा जातच नाही. खरा गारठा पडला असला तरी. कंस एक की दोन, एवढ्यावर रात्र ठरते. पायथनमध्ये रिकाम्या मजकुराची संख्या करायला गेलात तर प्रोग्राम तिथेच आरडाओरडा करून थांबतो, आणि या कामासाठी तेच बरे. पुण्या-मुंबईत शून्य अंश आले तर कुणीही हसून सोडून देईल. निफाडात ते खरे वाटण्यासारखे आहे, म्हणून चूक इथे अधिक महाग पडते.

यावर सरळ उपाय म्हणजे एक्झिट कोड पाहणे, पण तो पाहण्यातही गोम आहे. विमानाच्या कारखान्यात सुटा भाग दिसायला कितीही चोख असला तरी तपासणीचा कागद सोबत नसेल तर जोडणीला घेत नाहीत. आउटपुटसाठी एक्झिट कोड हा तो कागद. शेलची अडचण अशी की हा कागद वाटेत सहज हरवतो. फंक्शनच्या आत 'लोकल' हा शब्द लावून त्याच ओळीत आउटपुट पकडले, तर नंतर दिसणारा कोड कमांडचा नसून 'लोकल'चा असतो, आणि 'लोकल' जवळजवळ नेहमीच यशस्वी होते. कर्लने आणलेले पान पाइपमधून, ओळी वाचून रकाने तोडणाऱ्या 'ऑक'ला दिले तर कोड मिळतो तो शेवटच्या ऑकचा. कर्ल उपाशी परतला तरी ऑक शून्य ओळी वाचून समाधानाने शून्य कोड देतो. पाइपमधला कुठलाही दुवा फसला तर सगळे फसले असे धरणारी 'पाइपफेल' ही सोय बॅशमध्ये बरीच जुनी आहे, पण पॉझिक्स मानकात ती आली थेट २०२४ च्या आवृत्तीत. शिवाय यशाची व्याख्या प्रत्येक प्रोग्रामची निराळी. सर्व्हरने 'पान सापडले नाही' असे सांगितले तरी, वेगळा पर्याय दिला नसेल तर, कर्लच्या दृष्टीने काम फत्ते झालेले असते: उत्तर आले, ते त्याने पोचवले. उलट 'ग्रेप'ला शब्द सापडला नाही तर तो एक हा कोड देतो, जरी त्यात बिघाड काहीच नसतो. म्हणजे 'कोड शून्य नसेल तर थांबा' एवढा नियम पुरत नाही. ज्या प्रोग्रामला हाक मारतो त्याचा स्वभाव ठाऊक असावा लागतो.

तक्रारीची वाहिनी हाही दुर्लक्षितच भाग. मजकूर आणि तक्रार यांना वेगळ्या वाटा दिल्या त्या युनिक्सच्या सुरुवातीच्या काळातच, आणि तो शहाणपणाचा निर्णय होता. पण काही सुटले तर नको म्हणून दोन्ही एकत्र पकडण्याची सवय फार पसरली आहे. टेसरॅक्टकडून मराठी पानाचा मजकूर काढून घेताना तो कधीकधी 'रिझोल्यूशन अंदाजे इतके धरले' अशी इंग्रजी ओळ तक्रारीच्या वाटेने टाकतो. दोन्ही वाटा एक केल्या की ही ओळ सातबाराच्या किंवा जुन्या मासिकाच्या मजकुरात जाऊन बसते. वेगळ्या ठेवल्या तरी टेसरॅक्ट पानाच्या शेवटी पानबदलाचे एक अदृश्य चिन्ह घालतो. शेल पकडलेल्या मजकुराच्या शेवटच्या रिकाम्या ओळी छाटते, हे चिन्ह मात्र छाटत नाही. दोन मजकूर डोळ्यांना हुबेहूब सारखे आणि तुलनेत वेगळे, अशा कोड्यांचा उगम बहुधा इथेच सापडतो.

साच्याचा प्रश्न मात्र सर्वांत चिवट आहे आणि तो आपल्या गावांच्या नावांतच दडलेला आहे. अवतरणचिन्हांत न ठेवलेले पकडलेले आउटपुट शेल मोकळ्या जागेवर तोडते. 'ओझर मिग' हे एक ठिकाण. शेलच्या लेखी दोन. राज्याच्या कृषी पणन मंडळाचे कांद्याच्या दराचे तक्ते कुणीही पाहिलेले असतात. त्यातले हे सहा रकाने घेऊ: बाजार समिती, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. अशा तक्त्याचा मजकूर करून तो ऑकने मोकळ्या जागांवर तोडला आणि चौथा रकाना कमीत कमी दराचा असे धरले, तर 'लासलगाव' या ओळीला उत्तर बरोबर येते. 'पिंपळगाव बसवंत' या ओळीत नावानेच दोन रकाने खाल्लेले, त्यामुळे चौथ्या जागी आवक येते. 'लासलगाव - विंचूर' मध्ये मधल्या आडव्या रेघेने तिसरा रकाना खाल्लेला, तिथे चौथ्या जागी चक्क 'क्विंटल' हा शब्द. तिसऱ्या ओळीतली चूक लगेच पकडली जाईल, कारण शब्दाची सरासरी काढता येत नाही. दुसऱ्या ओळीतली धोक्याची. आवकेचा आकडा क्विंटलमध्ये हजारांत असतो आणि कांद्याचा भावही क्विंटलला हजारांत असू शकतो. आकडा आकड्यासारखाच दिसतो आणि आलेखात निमूट जाऊन बसतो. इथे एक्झिट कोड शून्य आहे, तक्रार काही नाही, मजकूरही पूर्ण आला आहे. चुकला आहे तो साच्याबद्दलचा अंदाज, आणि त्याला हटकणारे कुणी नाही.

मराठीची खरी परीक्षा बाइटच्या पातळीवर होते. 'ओझर' ही तीन अक्षरे. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी तीन, म्हणजे एकूण नऊ बाइट. या नावाची फाइल 'गिट'मध्ये टाकून तिची स्थिती विचारली तर मूळ सेटिंगमध्ये नाव दिसते ते असे: "\३४०\२४४\२२३\३४०\२४४\२३५\३४०\२४४\२६०". हे नऊ बाइट अष्टमान पद्धतीने लिहिलेले आहेत. चूक नाही, पण हे आउटपुट पकडून त्या नावाची फाइल उघडायला जाणारी स्क्रिप्ट तोंडघशी पडते. गिटने यावर उपायही ठेवला आहे. माणसासाठीचे आउटपुट वेगळे, आणि 'पोर्सिलेन' या पर्यायाने मिळणारे, पुढच्या आवृत्त्यांतही साचा न बदलण्याची हमी असलेले आउटपुट वेगळे. त्याला 'झेड' जोडला की नावे जशीच्या तशी येतात आणि दोन नावांमध्ये ओळबदलाऐवजी शून्य बाइट येतो. कमांडचे आउटपुट हा करार असतो हे इतक्या उघडपणे मान्य करणारे प्रोग्राम अजून थोडेच आहेत.

बाइटचा हिशोब आणखी एका ठिकाणी नडतो. लिनक्सवर पाइपमध्ये साधारणपणे ६५,५३६ बाइट मावतात. स्क्रिप्टने प्रोग्राम सुरू केला, तो संपेपर्यंत वाट पाहिली आणि मग आउटपुट वाचायचे ठरवले, तर पाइप भरल्यावर प्रोग्राम लिहिता लिहिता थांबतो आणि स्क्रिप्ट तो संपण्याची वाट पाहत थांबते. दोघेही अडून बसतात. इंग्रजी मजकुराला ही वेळ पासष्ट हजार अक्षरांनंतर येते. देवनागरीला साधारण २१,८०० चिन्हांनंतर, म्हणजे तीनेक हजार शब्दांत. छोट्या नमुन्यावर चाचणी घेतलेली स्क्रिप्ट अख्ख्या अहवालावर गोठते ती अशी. आणि आउटपुट ठरावीक बाइटच्या घासांनी वाचले तर घास अक्षराच्या मध्येच तुटू शकतो. 'झ'चे दोन बाइट एका घासात आणि तिसरा पुढच्यात गेला, की दोन्ही घास स्वतंत्रपणे अवैध. 'शेतकऱ्यांची यादी' अशा फाइलच्या नावाचे दुखणे याहून सूक्ष्म आहे. त्यातला 'ऱ' युनिकोडमध्ये एका चिन्हानेही लिहिता येतो आणि 'र' अधिक नुक्ता असा दोन चिन्हांनीही. जुन्या मॅकची फाइल व्यवस्था नावे फोडून ठेवत असे. तिथून पकडलेले नाव आणि कीबोर्डवरून टंकलेले नाव पडद्यावर एकच, बाइटमध्ये दोन. तुलना करण्याआधी दोन्ही एकाच रूपात आणणे हा एकच मार्ग.

टर्मिनलमध्ये चाललेली स्क्रिप्ट क्रॉनने रात्री चालवली की मोडते, यामागेही अनेकदा एन्कोडिंगच असते. क्रॉनच्या परिसरात भाषेची सेटिंग नसते, आणि पायथनच्या ३.७ पूर्वीच्या आवृत्त्या अशा वेळी मजकूर आस्की आहे असे गृहीत धरून पहिल्याच देवनागरी अक्षरावर कोसळत. विंडोजवरची कथा आणखी जुनी. रशियन, थाई यांना तिथे स्वतःचे कोडपेज होते. प्रणालीचे मूळ कोडपेज म्हणून देवनागरी कधी नव्हतीच, हिंदी-मराठीला आरंभापासून युनिकोडवरच ठेवले गेले. त्यामुळे जुन्या कन्सोलमधून गेलेला मराठी मजकूर पकडला की हाती नुसती प्रश्नचिन्हे येतात. एन्कोडिंग चुकून विचित्र झालेली अक्षरे बहुतेकदा उलट फिरवून परत मिळवता येतात, प्रश्नचिन्हे कधीच नाहीत. आणि श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये केलेल्या पीडीएफमधून मजकूर काढणारा प्रोग्राम चालवला तर तो बिनतक्रार रोमन अक्षरांचा कचरा देतो, कारण त्या फाइलमध्ये खरोखरच ती अक्षरे आहेत. मराठी होती ती केवळ फाँटच्या चित्रांत. कोड शून्य, तक्रार नाही, एन्कोडिंगही वैध. आलेल्या मजकुरात देवनागरी चिन्हांचे प्रमाण किती, एवढे एक मोजमाप अशा वेळी बाकी सगळ्या तपासण्यांपेक्षा उपयोगी पडते.

दहा ओळींच्या स्क्रिप्टसाठी इतका खटाटोप कशाला, हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर 'नेहमीच करा' असे नाही. समोर बसून एकदाच चालवायची स्क्रिप्ट असेल तर माणसाचा डोळा हीच तपासणी. प्रश्न उठतो तो कुणी पाहत नसताना चालणाऱ्या आणि आउटपुटवरून पुढे काही पुसणाऱ्या, पाठवणाऱ्या, नोंदवणाऱ्या स्क्रिप्टचा. त्या दहा ओळींच्या असल्या तरी त्यांना सूट नाही. दुसरा आक्षेप असा की बाहेरचा प्रोग्राम बोलावताच कशाला, त्याच कामाची लायब्ररी वापरावी. जिथे चांगली लायब्ररी आहे तिथे हे म्हणणे मी मान्य करतो. तारखेसाठी किंवा फायलींच्या यादीसाठी बाहेर जाण्याचे कारण आज उरलेले नाही. पण वेगळ्या प्रक्रियेत चालणारा प्रोग्राम कोसळला तर आपल्याला घेऊन कोसळत नाही, त्याला वेळेची मर्यादा घालता येते, तो कोणत्याही भाषेत लिहिलेला असला तरी चालतो. टेसरॅक्टसारख्या जड हत्याराशी बाहेरून बोलणेच बहुतेकांना परवडते. आता तर मशीनकडून स्क्रिप्ट लिहून घेणारे आणि कमांडचे आउटपुट थेट भाषा-मॉडेलला वाचायला देणारेही वाढले आहेत. तिथे साच्याची लवचीकता मिळते, पण रिकामे किंवा अर्धवट कापलेले आउटपुट दिसले की मोकळी जागा अंदाजाने भरण्याचा धोका शेलपेक्षा कमी नाही, उलट तो अधिक विश्वासार्ह वाटणाऱ्या भाषेत येतो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: मजकूर पकडणेच सोडा, प्रोग्रामांनी रचना असलेली माहिती द्यावी. पॉवरशेलने २००६ मध्ये पाइपमधून मजकुराऐवजी वस्तू पाठवून हीच दिशा धरली, आणि आज लिनक्सवरची अनेक हत्यारे जेसॉन देतात. याने रकाने सरकण्याचे दुखणे खरोखर मिटते. 'पिंपळगाव बसवंत' एका अवतरणचिन्हात बसले की त्याचे दोन तुकडे होत नाहीत. मिटत नाही तो ओळखीचा प्रश्न. जेसॉनमध्ये गावाच्या नावापुढे 'ओझर' आले, तर ते निफाडातले विमानांचे ओझर की जुन्नरातले विघ्नहराचे ओझर, हे कंस सांगत नाहीत. रोमन लिपीत तेच नाव कुठे 'झेड'ने तर कुठे 'जेएच'ने लिहिलेले सापडते, म्हणजे तिथेही सुटका नाही. त्यासाठी माहिती देणाऱ्याने नावासोबत गावाचा शासकीय सांकेतांक द्यायला हवा आणि घेणाऱ्याने नावावर नव्हे, सांकेतांकावर जुळवणी करायला हवी. सांकेतांक केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेत तयार आहेत. बहुतेक तक्त्यांत तो रकाना अजून नाही.